साक्षीतून काढलेला माणूस

मी एका म्हाताऱ्याला दोनदा फसवलं. पहिल्यांदा त्याच्या सामानाच्या सौद्यात, दुसऱ्यांदा देवाच्या मंडळीत, सगळ्यांसमोर उभं राहून. पहिली फसवणूक माझी एकट्याची. दुसरीत आमच्या मराठी मंडळीचे वडील माझे भागीदार होते, आणि त्यांनी मला फसवलं. लोक सांगतात की मी रागीट आहे आणि माझा विश्वास थंड पडला. रागीट मी आहेच. विश्वासाचं काय झालं ते मी सांगतो. आता सांगायचाही कंटाळा येतो, पण माझ्याशिवाय हे कोणी सांगणार नाही.

आमच्यात मंडळीचे वडील म्हणजे उपासना चालवणारा मोठा माणूस. कोण शास्त्र, म्हणजे बायबल, वाचणार, कोण प्रार्थना करणार, कोण साक्ष देणार, हे तो ठरवतो. साक्ष म्हणजे देवाने आपल्यावर काय उपकार केला ते मंडळीत उभं राहून सांगणं. आमच्या मंडळीचे वडील भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये ऑफिसर होते. सगळे त्यांना साहेब म्हणत. मीही म्हणत असे.

मी तिसऱ्या पिढीचा ख्रिस्ती. आज्याने बाप्तिस्मा घेतला तेव्हा वऱ्हाडातल्या आमच्या गावाने त्याच्याशी बोलणं सोडलं होतं. बाप मिशनच्या दवाखान्यात मलमपट्टी करायचा. त्याची एक रीत होती. संध्याकाळी जेवायला बसलं की प्रत्येकाने दिवसभरातला देवाचा एक उपकार सांगायचा, मगच ताटात भाकर पडायची. मी तेव्हापासून हुशार. एकच उपकार थोडा थोडा बदलून आठवडाभर चालवायचो. बाप ऐकायचा, हसायचा नाही, रागवायचाही नाही. भाकर वाढायचा.

एकोणिसाव्या वर्षी भिलाईला आलो. तेव्हा हे सगळं मध्य प्रदेशात होतं. प्लांटमध्ये लागायचं म्हणून आलो आणि डोळ्यांच्या तपासणीत नापास झालो. ठेकेदाराकडे कोक ओव्हनला दोन वर्षं राबलो. मग हातठेला घेतला, मग सुपेल्याच्या बाजारात पत्र्याचं दुकान टाकलं. जुनं सामान घ्यायचं आणि विकायचं. मला कोणी एक खुर्चीसुद्धा फुकट दिली नाही. जे उभं केलं ते जिभेवर आणि नजरेवर.

धंद्याची खुबी एकच होती. प्लांटचा माणूस रिटायर झाला की त्याला क्वार्टर सोडावं लागतं. तीस वर्षांचा संसार असतो आणि गाव लांब. कपाट, पलंग, कूलर कोण ओढत नेणार? मी प्लांटच्या वसाहतीतल्या सेक्टरांमधून फिरून कोण कधी रिटायर होतोय ते माहीत करून ठेवायचो. महिनाभर आधी जायचो, चहा प्यायचो, चांगला भाव कबूल करायचो. माणूस निश्चिंत व्हायचा, दुसऱ्या कोणाला विचारायचा नाही. मग अगदी शेवटच्या दिवशी, गाडी सांगून ठेवलेली, बायको बांधाबांध करून दमलेली, अशा वेळी मी ठेला घेऊन जायचो आणि खोट काढायचो. ते निम्म्यात द्यायचे. दुसरं करणार काय?

रविवारी दहा वाजता सेक्टर दोनमध्ये वडिलांच्या क्वार्टरमध्ये मराठी उपासना असायची. पंधरा-सोळा घरं होती. नर्सबाया, मास्तर, प्लांटचे क्लार्क, दोन-तीन ऑफिसर. मुलं आपसांत हिंदी बोलायची आणि गीत मराठीत म्हणायची. बसायचे बाक मीच दिले होते, तरी मी दाराजवळ बसायचो, चपलांच्या बाजूला. कोणी तिथे बस म्हणालं नव्हतं. पुढे ये असंही कोणी म्हणालं नव्हतं. मला ते लागायचं. घरी येऊन मी बायकोवर ओरडायचो आणि ती म्हणायची, "देवाले काय दारातून आयकू येत नाही?"

तो म्हातारा भंडाऱ्याकडचा. शेतकऱ्याच्या घरचा, ब्लास्ट फर्नेसला पंचवीस-सव्वीस वर्षं काढलेला. मुलांपैकी एक मुलगी लग्नाची राहिलेली, ती गावी काकाकडे. रिटायर व्हायला पंधरा दिवस होते. त्याने आधी सामान मोकळं करायचं, बायकोला गावी पाठवायचं आणि शेवटचे दिवस एका पिशवीवर काढायचे असं ठरवलं होतं. मी भाव कबूल केला होता. त्या दिवशी ठेला घेऊन गेलो आणि लोखंडी कपाटाचा पाय नखाने खरवडला.

"हे तर सडलंय," मी म्हणालो.

तो खाली बसला, बोटाने पुसून पाहिलं. "भाऊ, ते धूळ आहे. मी जिंदगीभर लोखंडच पाहून राहिलो. सडलेलं कोनतं ते तुमी मले शिकवता?"

"मग ठेवा तुमच्याकडे."

बाहेर त्याच्या बायकोची गाठोडी बांधून ठेवलेली होती. त्याने उठून हात झटकले. मग बायकोला म्हणाला, "दे वं याले. अन् चहा मांड. उन्हाचा आला बिचारा." मी कपाट, नेवारीचा पलंग आणि कूलर निम्म्यात नेला, आणि चहाही पिऊन आलो.

तिसऱ्या दिवशी माझ्या बायकोचं पोट दुखायला लागलं. संध्याकाळपर्यंत ती दुमडून गेली. खासगी डॉक्टर म्हणाला, अपेंडिक्स आहे, फुटेल, आजच्या आज कापायला पाहिजे. दुर्गच्या सरकारी दवाखान्यात गेलो तर सर्जन रजेवर. रायपूरला न्यायचं तर गाडी मिळेना. प्लांटचा मोठा दवाखाना दोन किलोमीटरवर, पण तो प्लांटवाल्यांसाठी, आणि मी दुकानवाला. मी वडिलांकडे धावलो. ते दारातच म्हणाले, "मी आजच उपास-प्रार्थना ठेवतो. तुम्ही धीर धरा." मी म्हणालो, साहेब, दवाखान्यात एक शब्द टाका. ते म्हणाले, नियमाबाहेर मला बोलता येत नाही. प्रार्थना त्यांनी ठेवली. सात-आठ जण जमले, गुडघ्यांवर बसले, त्यातल्या कोणी खोटं केलं नाही. तेवढं त्यांचं मी मान्य करतो.

मी परत आलो तर म्हातारा दुकानासमोर उभा. कपाटाच्या खणात मुलीच्या शाळेचा दाखला राहिला होता, तो न्यायला आला होता. आम्ही दुकानाच्या मागच्या खोलीतच राहायचो. त्याने आत पाहिलं. माझी बायको त्याच्याच पलंगावर पडलेली होती. तो विकायलाही मला वेळ झाला नव्हता.

"काय झालं बाईले?"

मी सांगितलं. तो दाखला खिशात घालून म्हणाला, "वय काय?"

"अठ्ठावीस."

"माया पोरीचं बावीस आहे. चालते. उचला."

मला आधी कळलंच नाही. प्लांटवाल्याकडे दवाखान्याचं बुक असायचं, त्यात घरच्यांची नावं. त्याची नोकरी अजून बारा दिवस बाकी होती, तेव्हा बुक चालू होतं. तो माझ्या बायकोला आपल्या मुलीच्या नावावर दाखल करणार होता. पकडला गेला असता तर शेवटच्या बारा दिवसांत सव्वीस वर्षांवर पाणी पडलं असतं. मी तसं म्हणालोही, पण हळू म्हणालो, त्याने ऐकू नये इतकं हळू.

रिक्षात त्याने बायकोच्या गळ्याकडे बोट दाखवलं. काळी पोत, त्यात चांदीचा छोटा क्रूस. "हे काहाडा जी. पोरगी बिनलग्नाची आहे माई." बायकोने काढून माझ्या हातात दिली. वाटेत त्याने घरी निरोप दिला होता, दवाखान्याच्या दारात त्याची बायको आली. तिची त्या रात्री गावची गाडी होती, ती गेली नाही. तिने पोत माझ्याकडून घेऊन आपल्या पदराच्या गाठीत बांधली. "तुमच्या खिशात हरपून जाईल," म्हणाली.

नर्सने विचारलं, हा कोण? म्हातारा म्हणाला, "मेरा बडा लडका."

रात्रीत ऑपरेशन झालं. अपेंडिक्स फुटलेलंच होतं. डॉक्टर म्हणाले, दोन तास उशीर झाला असता तर हातची गेली असती.

ती अकरा दिवस तिथे होती. अकरा दिवस नर्सबाया तिला दुसऱ्याच नावाने हाक मारत होत्या आणि ती ओ देत होती. मी तिचा भाऊ होतो. म्हाताऱ्याला मी बाबा म्हणत होतो, त्याच्या बायकोला आई. माझा बाप जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती आणि इतक्या वर्षांत मी तो शब्द कोणासाठी वापरला नव्हता. केरळची एक मोठी नर्स होती, ती मला झापायची. "तुम्हारा बाप ड्यूटी करके आता है, इधर बेंच पे सोता है, और तुम? साफ कपडा पहनके घूमता है." म्हातारा मागून म्हणायचा, "अइसाच है वो, सिस्टर. बचपन से." आणि माझ्याकडे पाहून डोळे बारीक करायचा.

आई दिवसभर बसायची, तो पाळी करून यायचा. घरी गेली की ती दोघं चटईवर झोपायची, कारण पलंग माझ्याकडे होता. मी म्हणालो, बाबा, पलंग आणून देतो. तो म्हणाला, "आता कावून? इकला तो इकला. अन् तुमी तर सामानाले सडलेलं म्हनलं होतं, पडलो म्हंजे?" आई हसली. मी दुसऱ्या दिवशीही नेऊन दिला नाही. का नाही दिला, हे मी स्वतःला पुष्कळ विचारलंय. मला वाटतं, दिला असता तर मी खोट काढली होती हे कबूल झालं असतं.

चौथ्या दिवशी तिला ताप चढला. डॉक्टर बोलायचे थांबले. आम्ही दोघं पायऱ्यांवर बसलो होतो. त्याने विचारलं, "तुमच्या देवाले काय लागते? नारळ चालते का?"

"नाही जी. नुसती प्रार्थना."

"मंग करा. मी बसतो बाजूले."

मी डोळे मिटले आणि बापाने शिकवलेली प्रार्थना केली. बऱ्याच वर्षांनी मला काही मागायचं होतं आणि बदल्यात द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. सौदा कसा करायचा तेच सुचेना. मी नुसतं म्हणालो, दया कर. डोळे उघडले तर त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली होती. "झालं?" म्हणाला. "झालं." "लहान असते जी तुमची."

ताप दुसऱ्या दिवशी उतरला. देवाने दया केली याबद्दल मला त्या वेळीही शंका नव्हती, आजही नाही. ती कोणाच्या पायांनी चालत आली तेही मला माहीत होतं. सुटी झाली तेव्हा आईने पदराची गाठ सोडून पोत बायकोच्या गळ्यात घातली, दवाखान्याच्या फाटकाबाहेर, झाडाआड. दोन दिवसांनी तो रिटायर झाला आणि दोघं गावी गेले.

आमच्याकडे वर्षातून एकदा उपकारस्तुतीचा रविवार असतो. त्या दिवशी साक्षी होतात. मी वडिलांना म्हणालो, मला बोलायचंय. त्यांची पद्धत होती की शनिवारी साक्ष आधी त्यांना ऐकवायची. ते कागद घेऊन बसत, वाक्यं नीट करून देत, फार लांबलेलं कापत. म्हणत, साक्ष म्हणजे गप्पा नव्हेत. हे मला पटायचं. माझ्यासारख्या कमी शिकलेल्याला बरंच वाटायचं.

मी सगळं सांगितलं. कपाटाच्या पायापासून. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"खोट्या नावावर दवाखाना वापरला तुम्ही. मी प्लांटचा ऑफिसर आहे. हे मी ऐकलं तर मला कळवावं लागेल. त्या माणसाची ग्रॅच्युइटी अजून निघालेली नाही."

"मग काय करू?"

"म्हणून मी हे ऐकलेलं नाही."

मी चिडलो. म्हणालो, नाव नाही घेत, दवाखाना नाही सांगत, पण एक माणूस आला एवढं तरी सांगू द्या. ते शांतपणे म्हणाले, "माणूस आला म्हणालात की लोक कोण म्हणून विचारतील. तुम्हाला राहवणार नाही. शिवाय देवाचा महिमा माणसाला का द्यायचा? इथे आपल्या लोकांनी उपास केला, त्याचं काय? तो मनुष्य आपल्यातला नाही. मुलं ऐकतात. गोंधळतील."

"पण ते खोटं ठरतं ना, साहेब."

"खोटं नाही. अपुरं." मग ते पुढे झुकले. "एक वर्ष थांबा. त्याचं सगळं सुरळीत होऊ द्या. पुढच्या उपकारस्तुतीला पूर्ण साक्ष तुम्ही द्या. माझा शब्द."

मी खुर्चीवरून उठलो नाही. त्यांना वाटलं मी अजून अडलोय. ते म्हणाले, "पुढल्या महिन्यापासून शास्त्रवाचन तुम्ही करत जा."

इथे माझा धंदा जागा झाला. समोरचा देऊ लागला की मला थांबता येत नाही. मी म्हणालो, वाचन ठीक आहे, पण मंडळीच्या कमिटीत दुकानवाला एकही नाही. ते म्हणाले, बघू. मी म्हणालो, नुसतं बघू नको, नाव घाला. त्यांनी घातलं. मी तिथून निघालो तेव्हा मला वाटत होतं की मी चांगला भाव पाडला. काय विकलं ते मला रस्त्यात आठवलं नाही. घरी येऊन बायकोला सांगतानाही आठवलं नाही.

रविवारी मी उभा राहिलो. वडिलांनी लिहून दिलेल्या कागदात एक वाक्य होतं: त्या संकटात एकही मनुष्य माझ्याकडे धावून आला नाही, फक्त प्रभू आला. मी ते वाचलं. वाक्य चांगलं होतं. दोन बायांनी डोळे पुसले. माझी बायको बायकांच्या बाजूला बसली होती. तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि पोत मुठीत धरली. प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षारस घ्यायच्या वेळी ती उठली नाही.

घरी तिने भात वाढला आणि म्हणाली, "बाबा काय मानूस नव्हते?"

"एक वर्षाची गोष्ट आहे. साहेबांनी शब्द दिलाय."

"अन् तुमी?"

मी ताट सरकवलं आणि ओरडलो. नेहमीसारखंच.

वर्ष झालं. मी वडिलांना आठवण दिली. ते म्हणाले, यंदा बाहेरचे उपदेशक येताहेत, पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी म्हणाले, तीच साक्ष लोक मागताहेत, बदलली तर विचित्र दिसेल. तिसऱ्या वर्षी मी आठवण दिली नाही. खरं सांगायचं तर मला ती आवडायला लागली होती. कुम्हारीला एका घरात प्रार्थनासभा होती, तिथे बोलावलं. रसमड्याला कारखान्यातले पाच-सहा ख्रिस्ती कामगार जमायचे, तिथे दिली. दुर्गला दिली, हिंदीतून. लोक बसायला खुर्ची द्यायचे, पुढची. मी कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा ते शिकलो. ताप चौथ्या दिवशी चढला होता, माझ्या साक्षीत तो सातव्या दिवसापर्यंत राहायला लागला. पायऱ्यांवर मी एकटा बसलेला असायचो. हळूहळू मलाच म्हातारा दिसेनासा झाला. बापाच्या ताटापुढे एकच उपकार आठवडाभर चालवणारा मी, आता तो सहा वर्षं चालवत होतो.

बायको त्या सभांना यायची नाही. ती म्हाताऱ्याच्या गावी आईला, त्याच्या बायकोला, पत्र लिहायची, दिवाळीला, संक्रांतीला. मला वाचून दाखवायची नाही.

सहाव्या की सातव्या वर्षी, उपकारस्तुतीच्याच रविवारी, मी कागद न घेता उभा राहिलो. आता कागद लागत नव्हता. साक्ष अर्धी झाली तेव्हा दाराशी कोणी चप्पल काढली. म्हातारा होता. वाळून गेला होता, टोपी तीच. पेन्शनच्या कामाला भिलाईला आला होता. माझ्या जुन्या जागी, दाराजवळ बसला. मी बायकोकडे पाहिलं. ती माझ्याकडे सरळ पाहत होती. तिनेच त्याला पत्ता आणि वेळ लिहून कळवली होती.

मला थांबता आलं असतं. आज मी म्हणतो, थांबता आलं असतं. पण जीभ पुढे गेली. एकही मनुष्य माझ्याकडे धावून आला नाही. आवाज नेहमीच्या जागी खाली आला. फक्त प्रभू आला. लोक म्हणाले, आमेन. म्हाताऱ्याने इकडे तिकडे पाहिलं आणि सगळे म्हणाले म्हणून तोही काहीतरी पुटपुटला.

उपासना संपल्यावर वडील त्याच्याकडे गेले, हात जोडून. "आपण कोण?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. पलीकडे मंडळी चहा घेत उभी होती. एक शब्द बोलला असता तर माझी सहा वर्षं तिथे फरशीवर पडली असती. तो म्हणाला, "मी याइच्या दुकानात कपाट इकलं होतं जी. जुनी ओळख."

"अच्छा, अच्छा. बसा, चहा घ्या." वडील दुसऱ्यांशी बोलायला वळले.

आम्ही तिघं सुपेल्याला घरी आलो. बायकोने पिठलं-भात केला. आई वर्षापूर्वी गेली, असं त्याने सांगितलं. बायको चुलीशी बसून रडली. तो जेवला, हात धुतला आणि खाटेवर टेकून मला म्हणाला, "चांगला बोलते तू. आवाज लय गोड आहे."

मी ताटं उचलायला लागलो.

"एकच समजलं नाही मले. कोनी मानूस आला नाही म्हनत होता तू. मंग आमी कोन होतो, गड्या?" आणि तो हसला, दवाखान्यात हसायचा तसा. "जाऊ दे. बरंच केलं. नाव घेतलं असतं तर माया पैसा अटकला असता." त्याने मला सुटायला वाट करून दिली. मी भाव पाडत असताना चहा पाजणारा माणूस. दुसरं काही त्याला येतच नव्हतं.

संध्याकाळच्या गाडीने तो गेला. स्टेशनवर मी त्याच्या पाया पडलो आणि म्हणालो, बाबा, पुढच्या वेळी तुमच्यासमोर खरं सांगतो. तो म्हणाला, "पुढच्या बारीले गुडघे चालले पायजे."

त्याच आठवड्यातल्या शनिवारी मी वडिलांकडे गेलो. म्हणालो, मला उद्या उभं राहायचंय, खरी साक्ष द्यायचीय. त्याचं सगळं कधीच मिळून गेलंय, कोणाचं नुकसान नाही. ते म्हणाले, इतकी वर्षं लोकांनी ती ऐकली, मंडळीच्या पत्रिकेत छापली, कित्येकांचा तिच्यामुळे विश्वास वाढला. आता मोडायची?

"तुम्ही शब्द दिला होता."

"मी? कसला शब्द?"

मी पुष्कळ लोकांना असं बोलताना पाहिलंय. स्वतः बोललोय. समोरच्याचा चेहरा कसा राहतो ते मला माहीत आहे. त्यांचा तसाच होता, अगदी शांत. मी खुर्ची लाथाडली. टेबलावरचा फ्लॉवरपॉट फुटला. त्यांच्या घरच्या बाई आतून धावत आल्या. मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

रविवारी मला उभं राहू दिलं नाही. शास्त्रवाचन काढून घेतलं. महिन्याभरात कमिटीतून नाव गेलं. सांगण्यात आलं की मी रागाच्या आहारी गेलोय, माझ्यासाठी प्रार्थना करावी. मी जाणं बंद केलं. बायको एका हिंदी मंडळीत जाऊ लागली. तिथे ती मागे बसते, काही बोलत नाही, पण जाते. मी दुकानातला भाव एकच ठेवायला लागलो. कबूल केला तो दिला. त्याने मी चांगला माणूस झालो असं नाही, फक्त खरवडायला नख उठेना. धंदा निम्म्यावर आला आणि कोणाला त्याचं काही वाटलं नाही.

पुढच्या वेळी गुडघे चालले नाहीत. त्याच्या धाकट्या मुलीचं पोस्टकार्ड आलं, जिच्या नावावर माझी बायको अकरा दिवस जगली तिचं. बाबा गेले, शेवटी भिलाईच्या ताईची आठवण काढत होते, एवढंच. मी गेलो. त्याच्या अंगणात बसलो. तिथल्या लोकांना मी कोण ते माहीत नव्हतं, आणि कोणी विचारलं तेव्हा मी म्हणालो, मोठा मुलगा. ते माझ्याकडे वेड्याकडे पाहावं तसे पाहू लागले. मुलीने सांगितलं, हो, बाबा म्हणायचे तसं.

आता मी थकलोय. संध्याकाळी जेवायला बसलं की बापाची रीत आठवते आणि मी बायकोला उपकार सांगतो. रोज तोच सांगतो, पण आता त्यात काही बदलत नाही. कपाटाचा पाय, दाखला, रिक्षा, पदराची गाठ, पायऱ्यांवरची टोपी. देवाने माझ्यावर दया केली. माझ्या बायकोच्या पोटात जे फुटलं होतं ते त्याने बरं केलं. त्यासाठी त्याने आमच्यापैकी कोणाला निवडलं नाही, हे मंडळीला सहन झालं नाही, आणि मलाही खुर्ची मिळत होती तोवर सहन झालं नाही. माझा वाटा एवढा. तो मी इथे लिहून दिला. यात मी कोणाला घासाघीस करू देणार नाही, स्वतःलाही नाही.

साहेब, तुम्ही रिटायर होऊन नागपूरला राहता आणि तिथे मंडळीत बसता, हे मला माहीत आहे. माझ्यासाठी प्रार्थना करता असंही लोकांनी सांगितलं. प्रार्थना नको. त्या शनिवारी तुम्ही मला एक वर्षाचा शब्द दिला होता. एकही मनुष्य धावून आला नाही, हे वाक्य तुमच्या अक्षरात होतं, आणि ते लिहिताना तुम्हाला त्याचं गाव, त्याची पाळी, त्याचं बुक, सगळं माहीत होतं. माणूस मेला. त्याची मुलगी आहे. तुमच्या मंडळीत उभे राहा, तिला समोर बसवा, आणि सांगा की तुम्ही तिच्या बापाला कशासाठी खोडलंत. मला पत्राने कळवू नका. तिथे, सगळ्यांसमोर, उत्तर द्या.